एका विकासजीवशास्त्रज्ञ प्राध्यापिकेची सायटेशन फाइल : नागपुरातलं एक प्रकरण

हे प्रकरण नागपुरातल्या एका अनुदानित महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सहयोगी प्राध्यापिकेचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील आणि आकडे थोडे बदलले आहेत. मी त्याच महाविद्यालयाचा ग्रंथपाल. प्राध्यापकपदाच्या पदोन्नतीसाठी, म्हणजे आमच्याकडे सगळे म्हणतात त्या 'कॅस'साठी (करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम), त्यांची फाइल तयार होत होती. संशोधनाचा भाग तपासून देण्याचं काम माझ्याकडे आलं. पुढे त्यांचा उल्लेख 'मॅडम' असाच करतो.

मॅडमचा विषय बेडकांची वाढ. फलित अंड्यापासून टॅडपोल, टॅडपोलपासून चार पायांचा बेडूक, हा प्रवास कोणत्या क्रमाने होतो आणि मध्येच शेपटी किंवा पाय तुटला तर तो परत कसा उगवतो, यावर त्या वीसेक वर्षं काम करत आहेत. त्यांचा मुख्य प्राणी इथला झाडबेडूक. पावसाळ्यात तो डबक्यावर झुकलेल्या फांदीला किंवा हौदाच्या भिंतीला फेसाचं घरटं करतो. आत अंडी असतात, आणि पिल्लं तयार झाली की ती खाली पाण्यात पडतात. गोरेवाडा आणि हिंगण्याच्या बाजूला पहिल्या दोन-चार जोरदार सरींनंतर अशी घरटी दिसू लागतात.

मॅडम ग्रंथालयात आल्या त्या स्वतःच एक अडचण घेऊन. "सर, गुगल स्कॉलरवर माझा एच-इंडेक्स एकोणीस दाखवतंय. एवढा माझा नाही. हे समितीपुढे जायच्या आत नीट करायचं आहे."

सायटेशन म्हणजे दुसऱ्या लेखाने संदर्भ म्हणून केलेला उल्लेख, आणि एच-इंडेक्स एकोणीस म्हणजे प्रत्येकी किमान एकोणीस सायटेशन्स असलेले एकोणीस लेख. त्यांच्या प्रोफाइलवर तेव्हा 52 लेख आणि 1,480 सायटेशन्स होती. फाइलला तो छापील कागद लावून दिला असता तर कुणी काही विचारलं नसतं. त्यांनी स्वतःहून विचारलं, म्हणून पुढचं सगळं घडलं.

आधी नाव

घोळ आडनावाचा होता. विदर्भात एकाच आडनावाची आणि एकाच आद्याक्षराची माणसं एका विद्यापीठात चार-पाच सहज निघतात. मॅडमच्या आद्याक्षर-आडनावाचे एक संशोधक कापसाच्या आनुवंशिकीवर काम करणारे आहेत. गुगल स्कॉलरच्या प्रोफाइलमध्ये नवे लेख आपोआप जोडण्याची सोय चालू होती, त्यामुळे कापसावरचे 24 लेख मॅडमच्या खात्यात येऊन बसले होते. दुसऱ्या बाजूने त्यांचे स्वतःचे पाच लेख गायब होते, कारण ते लग्नाआधीच्या आडनावाने छापलेले. पीएच.डी.चं मूळ काम त्या पाचांतच होतं.

स्कोपस या दुसऱ्या सायटेशन-सूचीमध्ये उलट तऱ्हा. तिथे एकाच बाईच्या दोन व्यक्ती झाल्या होत्या. माहेरच्या नावाने चार लेख, सासरच्या नावाने चौदा. दोन्ही खाती एक करण्याची विनंती पाठवावी लागते, ती पाठवली. ऑर्किड हा संशोधकांचा सोळा अंकी ओळखक्रमांक 2012 पासून उपलब्ध आहे. मॅडमनी तो काढलाही होता, पण त्यात लेख कधी भरले नव्हते. आमच्या महाविद्यालयात बहुतेकांची हीच स्थिती आहे. माझ्या मते नाव बदलणाऱ्या प्रत्येक संशोधिकेने तो क्रमांक पहिल्याच लेखाबरोबर वापरायला हवा, आणि हे तिला सांगण्याची जबाबदारी मार्गदर्शकाची आणि ग्रंथपालाची आहे.

साफसफाईनंतर गुगल स्कॉलरवर 33 लेख, 618 सायटेशन्स आणि एच-इंडेक्स 12 उरला. स्कोपसमध्ये 18 लेख, 371 सायटेशन्स, एच-इंडेक्स 9. दोन्ही आकडे खरे आहेत. स्कोपस ठरावीक नियतकालिकंच मोजतं, तर गुगल स्कॉलर प्रबंध, परिषदांची टिपणं, विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरच्या पीडीएफ असं जे सापडेल ते मोजतं. म्हणून आकडा लिहिताना शेजारी कुठला आणि कोणत्या तारखेचा हे लिहायचंच, असं आम्ही ठरवलं.

वर्षातून एकदा येणारा ऋतू

वीस वर्षांत 33 लेख. फाइल चाळणारा म्हणेल, वर्षाला दोनसुद्धा नाहीत. यामागचं कारण मॅडमच्या आळसात शोधू नये. ते नागपूरच्या हवामानात आहे.

मॉन्सून इथे साधारण जूनच्या मध्याला पोचतो. झाडबेडकाची वीण पहिल्या पावसानंतरच्या काही आठवड्यांत. अंडी गोळा करायची ती तेव्हाच, आणि त्यानंतरचे दीड-दोन महिने टॅडपोल सांभाळत रोज नोंदी ठेवायच्या. नेमक्या त्याच दिवसांत महाविद्यालयात प्रवेशप्रक्रिया, नवीन वेळापत्रक, उन्हाळी परीक्षांचं उरलेलं मूल्यांकन. पाऊस लांबला किंवा मध्येच मोठी उघडीप पडली तर डबकी आटतात आणि त्या वर्षाचा प्रयोग गेला. पुढची संधी बारा महिन्यांनी.

झेब्राफिशवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेला ही अडचण नसते. ते मासे बारा महिने अंडी देतात आणि पहिल्या तीन दिवसांत भ्रूणाचे बहुतेक अवयव आकाराला येतात. झेनोपस या आफ्रिकी बेडकाला संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन हव्या त्या दिवशी अंडी घालायला लावता येतात. जगातलं बहुतेक विकासजीवशास्त्र अशा निवडक प्राण्यांवर चालतं आणि त्यामुळेच सायटेशन्सही तिकडे गोळा होतात. फळमाशी, म्हणजे ड्रोसोफिला, घ्या. ड्रोसोफिलाच्या अळीचे खंड बिघडवणाऱ्या उत्परिवर्तनांवरचा नुसलाइन-फोलहार्ड आणि विशाउस यांचा लेख 1980 साली 'नेचर'मध्ये आला आणि 1995 चं नोबेल त्यांना एडवर्ड लुईस यांच्यासह मिळालं. त्या माशीवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा आधीच भरपूर होत्या. लेख वाचणाराही होता आणि दुसऱ्या दिवशी तो प्रयोग करून पाहणाराही. इथल्या झाडबेडकावर काम करणारे गट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. वाचकच मोजके, तर उद्धृत करणारे कुठून येणार?

204 आणि 27

आता फाइलचा गाभा. मॅडमचा सर्वाधिक उद्धृत लेख कीटकनाशकाचा माशांच्या भ्रूणावर होणारा परिणाम या विषयावरचा आहे, 204 सायटेशन्सचा. सहा लेखकांत मॅडमचं नाव चौथं. त्यांचं काम भ्रूणाच्या अवस्था ओळखून देण्यापुरतं होतं. दुसऱ्या क्रमांकावर थायरॉईड संप्रेरक आणि बेडकाचं रूपांतरण यावरचा परामर्श लेख, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा, 96 सायटेशन्स. परामर्श लेख नेहमीच जास्त उद्धृत होतो, कारण मूळ दहा लेखांऐवजी एकाचं नाव देऊन भागतं.

आणि पाचव्या क्रमांकावर, 27 सायटेशन्सचा, त्यांचा खरा जीव असलेला लेख: झाडबेडकाच्या वाढीच्या अवस्थांचा तक्ता. तो त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थिनीने मिळून लिहिला. त्यामागे कितीतरी पावसाळ्यांच्या नोंदी आहेत.

अशा तक्त्याचं मोल बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. टॅडपोल किती दिवसांचा आहे यावरून तो वाढीच्या कुठल्या टप्प्यावर आहे हे सांगता येत नाही. पाणी गार असेल तर वाढ रेंगाळते, गरम असेल तर वेग घेते. नागपुरात जूनमध्ये टाकीतलं पाणी पाऊस येण्याआधी एक आणि आल्यावर दुसरंच असतं. म्हणून दिवसांऐवजी शरीरावरच्या खुणा धरतात: कल्ले झाकले गेले का, मागच्या पायाचा कोंब दिसतो का, बोटं सुटी झाली का, पुढचे पाय बाहेर आले का. केनेथ गोस्नर यांनी 1960 साली बेडकांसाठी असा 46 अवस्थांचा तक्ता दिला. कोंबडीच्या भ्रूणासाठी हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी 1951 साली दिला, त्यातही 46 अवस्था आहेत. 1992 साली तो दुसऱ्या एका नियतकालिकाने पुन्हा छापला आणि आजही कोंबडीच्या भ्रूणावरचा जवळजवळ प्रत्येक लेख त्याचा उल्लेख करतो. हे तक्ते हजारो वेळा उद्धृत झाले, कारण त्यांच्याशिवाय दोन प्रयोगशाळांना एकमेकींचे निष्कर्ष ताडून पाहता येत नाहीत. गोस्नरचा तक्ता सर्वसाधारण आहे. फेसाच्या घरट्यात वाढ सुरू करणाऱ्या जातीत काही खुणा मागेपुढे होतात, आणि तेवढा फरक मॅडमच्या तक्त्याने नोंदवला.

मॅडमच्या या लेखाची सायटेशन्स मी एकेक उघडून वाचली. ग्रंथपालाने हे करावं का, असा प्रश्न एका सहकाऱ्याने विचारला. करावं, आणि तो आमच्या कामाचाच भाग आहे असं माझं ठाम मत आहे. सत्तावीसपैकी पाच मॅडमची स्वतःची होती. उरलेल्या बावीसपैकी नऊ लेखांनी हा तक्ता आपल्या कार्यपद्धतीत प्रत्यक्ष वापरला होता: 'टॅडपोलच्या अवस्था या तक्त्यानुसार ठरवल्या.' चार लेखांनी आपल्या जातीशी तुलना केली. आठांनी नुसता ओझरता उल्लेख केला. आणि घाटाकडच्या एका गटाने एक चूक दाखवली होती: पुढचे पाय बाहेर येण्याच्या सुमाराच्या दोन अवस्थांचा क्रम गार पाण्यात वेगळा दिसतो, तक्त्यात पाण्याच्या तापमानाची मर्यादा सांगायला हवी होती.

मग 204 वाल्या लेखाची सायटेशन्स बघितली. जितकी उघडता आली त्यांत जवळजवळ सगळीकडे तो प्रस्तावनेत होता: 'कीटकनाशकांचा माशांवर विपरीत परिणाम होतो' या वाक्यापुढच्या कंसात, आणखी पाच-सहा लेखांच्या रांगेत. त्यातला प्रयोग कुणी पुढे नेलेला मला दिसला नाही. लेख वाईट आहे असं मी म्हणत नाही. कीटकनाशकांवर लिहिणारे खूप आहेत आणि प्रत्येकाला ते एक वाक्य लिहावं लागतं, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

गुणांचं गणित

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत शोधनिबंधाला नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या लेखांना मिळणाऱ्या सरासरी सायटेशन्सवरून, गुण आहेत. इम्पॅक्ट फॅक्टर नसेल तर 5, एकपेक्षा कमी असेल तर 10, एक ते दोन 15, दोन ते पाच 20, पाच ते दहा 25, दहाच्या वर 30. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला 70 टक्के. दोनपेक्षा जास्त असतील तर पहिल्या किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला 70 टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी 30 टक्के.

या हिशेबाने कीटकनाशकाच्या लेखाचे, पाच ते दहा गटातल्या नियतकालिकामुळे, 25 चे 30 टक्के म्हणजे साडेसात गुण. अवस्थांच्या तक्त्याचे, इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या भारतीय नियतकालिकामुळे, 5 चे 70 टक्के म्हणजे साडेतीन. मॅडमनी हा कागद बघितला आणि काही बोलल्या नाहीत. बोलले ते विभागप्रमुख, आणि ते बरोबर बोलले: "हे गुण मासिकाला मिळालेत, कामाला नाही."

इम्पॅक्ट फॅक्टर हे मुळातच नियतकालिकाचं माप आहे. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन्स मिळाली, एवढंच ते सांगतं. यूजीन गारफिल्ड यांनी ही कल्पना 1955 साली मांडली आणि 1975 पासून त्याचे वार्षिक अहवाल निघू लागले. ज्या प्राण्याची वीण वर्षातून एकदा होते त्याच्यावरचा लेख दोन वर्षांत कोण वापरणार? वाचणाऱ्याला तो पटून त्याने प्रयोग करायचा ठरवला तरी पुढचा पावसाळा यावा लागतो, मग लिहिणं, मग छपाई.

एच-इंडेक्सचीही तीच कथा. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो 2005 साली सुचवला. त्याच लेखात त्यांनी जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्रातले सर्वोच्च आकडे शेजारी ठेवून दाखवलं होतं की क्षेत्र बदललं की पातळी बदलते: भौतिकशास्त्रात एडवर्ड विटन 110, जीवशास्त्रात सॉलोमन स्नायडर 191. क्षेत्राच्या आतही तेच होतं. माशी आणि झाडबेडूक दोन्ही 'विकासजीवशास्त्र'च, पण दोघांचं वाचकविश्व निराळं.

आणि ही तक्रार नागपूरच्या एका महाविद्यालयापुरती आहे असं समजू नये. नियतकालिकाच्या आकड्यावरून माणसाचं काम जोखू नका, हे सांगणारं सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा नावाचं निवेदन डिसेंबर 2012 मध्ये अमेरिकन सोसायटी फॉर सेल बायोलॉजीच्या वार्षिक अधिवेशनात आकाराला आलं आणि मे 2013 मध्ये प्रसिद्ध झालं. पुढाकार पेशीजीवशास्त्रज्ञांचा होता, म्हणजे मॅडमच्या शेजारघरच्याच लोकांचा.

जयपूर, क्राकूव्ह, ओडिशा

फाइलमध्ये जोडायच्या टिपणासाठी मॅडमनी मला एक जुनी साखळी सांगितली, ती इथे द्यायलाच हवी.

1978 साली जयपूरच्या नियाझी आणि सक्सेना यांनी दाखवलं की पाय कापलेल्या भेकाच्या टॅडपोलना जास्त मात्रेत अ जीवनसत्त्व दिलं तर उगवणारा पाय विचित्र येतो, नको ते भाग पुन्हा उगवतात. लेख छापला गेला पोलंडमधल्या क्राकूव्हच्या 'फोलिया बायोलॉजिका'त. 1982 साली ब्रिटनच्या माल्कम मेडन यांनी अ‍ॅक्सोलॉटल या शेपटीवाल्या उभयचरावर हाच परिणाम पद्धतशीर मांडला, 'नेचर'मध्ये. त्यानंतर अवयवांच्या पुनर्जननात रेटिनॉइडचं (अ जीवनसत्त्वाच्या कुळातल्या रसायनांचं) काम काय, यावर मोठं दालन उघडलं. दहा वर्षांनी, 1992 साली, ओडिशाच्या प्रियंबदा मोहंती हेजमाडी आणि त्यांचे सहकारी दत्ता व महापात्रा यांनी 'नेचर'मध्येच जाहीर केलं की एका भारतीय बेडकाच्या टॅडपोलची शेपटी कापून अ जीवनसत्त्व दिलं, तर शेपटीच्या जागी चक्क पाय उगवतात. एका अवयवाच्या जागी दुसराच अवयव, तोही पाठीचा कणा असलेल्या प्राण्यात. मोहंती हेजमाडी ओडिसी नृत्यातही तितक्याच जाणत्या होत्या, हे मॅडमनी आवर्जून सांगितलं.

मेडन यांच्या लेखाला नियाझी-सक्सेना यांच्यापेक्षा कितीतरी जास्त सायटेशन्स आहेत, आणि त्यात कुणाचा अपराध नाही. पण 1980 साली जयपूरच्या त्या दोघांची फाइल कुणी फक्त आकड्यावर तपासली असती, तर त्या कामातून पुढे काय निघणार आहे याचा मागमूसही लागला नसता.

फाइल कशी केली, आणि काय झालं

नियमाने लागतो तो गुणतक्ता आम्ही जसाच्या तसा भरला. त्यात पळवाट शोधली नाही. एका जुन्या लेखाचं नियतकालिक आयोगाने 2 मे 2018 रोजी आपल्या मान्य नियतकालिकांच्या यादीतून काढलेल्या 4,305 नियतकालिकांत होतं. लेख त्या तारखेच्या आधीचा, त्यामुळे नियमाने चालला असता, तरी मॅडमनी तो स्वतःहून वगळला. मला तो निर्णय जरा कठोर वाटला, कारण लेखातला प्रयोग चांगला आहे.

त्यामागे पाच निवडक लेखांसाठी एकेक पान जोडलं. प्रत्येक पानावर प्रश्न काय होता, मॅडमनी स्वतः काय केलं, ते काम पुढे कुणी कशासाठी वापरलं आणि कुणी दुरुस्त केलं. तक्त्याच्या पानावर घाटाकडच्या गटाची हरकत ठळक लिहिली. विभागप्रमुखांना ती नको होती. आपल्याच फाइलमध्ये आपली उणीव कशाला, असं त्यांचं म्हणणं. मॅडम ऐकल्या नाहीत.

मुलाखतीत बाहेरून आलेल्या दोन विषयतज्ज्ञांपैकी एकांनी एच-इंडेक्स 9 की 12 एवढंच विचारून टिपून घेतलं. दुसरे मत्स्यजीवशास्त्राचे होते. त्यांनी थेट ते हरकतीचं पान उघडलं आणि बराच वेळ त्यावरच बोलत राहिले. पाण्याचं तापमान कसं मोजलं, दिवसातून कितीदा, टाक्या कूलरच्या खोलीत होत्या की व्हरांड्यात. मॅडम सांगत होत्या की मे-जूनमध्ये व्हरांड्यातल्या टाकीला ओलं गोणपाट गुंडाळावं लागतं, नाहीतर दुपारी पाणी टॅडपोलना सोसवत नाही.

पदोन्नती मिळाली. ती गुणांच्या जोरावर मिळाली, हे स्पष्ट सांगतो; पाच पानं नसती तरी आवश्यक गुण भरत होते. पानांनी काही घडवलं असेल तर ते दुसरीकडे. त्या मत्स्यतज्ज्ञांनी नंतर आपल्या विद्यार्थ्याला तक्ता शिकायला मॅडमकडे पाठवलं. आणि आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक संशोधन-अर्जात 'सायटेशन संख्या' या रकान्याखाली आणखी एक रकाना आला: 'हे काम कोणी, कशासाठी वापरलं?' पहिल्या वर्षी बहुतेकांनी तो कोरा सोडला. भरायला वेळ लागतो, आपल्यालाच आपली सायटेशन्स वाचावी लागतात. ज्यांनी भरला त्यांच्यातल्या दोघांना आपल्या लेखावर झालेली टीका तेव्हाच पहिल्यांदा कळली.

एका मुद्द्यावर माझं आणि मॅडमचं अजून जमत नाही. निवडक पाचांत त्यांनी कीटकनाशकाचा लेख घेतलाच नाही. माझं म्हणणं, तो घ्यायला हवा होता, आपला वाटा नेमका किती ते लिहून. अवस्था बिनचूक ओळखून देणारं कुणी नसतं तर तो प्रयोग उभाच राहिला नसता, आणि सामूहिक कामातलं हे कसब असंच दुर्लक्षित राहतं. त्या म्हणतात, चौथ्या नावाने मिरवायचं नाही.

सध्या त्या तक्ता दोन वेगवेगळ्या तापमानांना नव्याने तपासत आहेत, हरकतीला उत्तर म्हणून. घाटाकडच्या गटाला पत्र लिहून त्यांच्याही नोंदी मागवल्या आहेत आणि लेख एकत्र लिहायचं ठरतंय. तो कुठे पाठवायचा यावर पुन्हा वाद आहे. मी म्हणतो, स्कोपसमध्ये मोजल्या जाणाऱ्या नियतकालिकात पाठवा, म्हणजे विद्यार्थिनीच्या पुढच्या अर्जात तो दिसेल. मॅडमना तो अशा ठिकाणी हवा आहे जिथे छापायला पैसे लागत नाहीत आणि गोंदिया-गडचिरोलीच्या महाविद्यालयातला शिक्षकही तो विनामूल्य उघडू शकेल. दोन्ही अटी पुरवणाऱ्या नियतकालिकांची यादी मी करतोय.